एम्बार्गोचा पहिला मेल आलाय? होकार कळवायच्या आधी हे वाचा

तुम्ही काही महिने नेटाने सिनेमांवर नाहीतर गेमवर लिहिताय, किंवा विज्ञानातलं काही नवीन आलं की ते सोपं करून सांगताय, आणि एक दिवस मेल येतो. प्रेस शोचं आमंत्रण असतं, किंवा अजून बाजारात न आलेल्या गेमचा कोड असतो, किंवा पुढच्या आठवड्यात छापून येणाऱ्या शोधनिबंधाची पीडीएफ असते, आणि सगळ्यात वर ठळक अक्षरात लिहिलेलं असतं, एम्बार्गो, अमुक तारीख, अमुक वाजता. पहिल्या वेळी आनंदच एवढा होतो की खालच्या अटी कोणी वाचत नाही, लगेच "हो हो, नक्की" असं उत्तर जातं. मीही तेच केलं होतं, आणि त्याचा त्रास नंतर झाला, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय.

एम्बार्गो म्हणजे एवढंच, की आम्ही तुम्हाला वस्तू आधी देतो आणि तुम्ही ठरलेल्या वेळेआधी तिच्याबद्दल काही छापायचं नाही. यात मुळात वाईट काही नाहीये. एम्बार्गो नसला की जो पहिला छापेल त्याच्याकडे सगळे वाचक जातात, मग लोक पाच तास गेम खेळून, निबंधाचा फक्त सारांश वाचून घाईघाईत छापून मोकळे होतात. सगळ्यांना एकच वेळ दिली की ही शर्यत थांबते, नीट बघायला, विचार करायला, कोणाला तरी विचारायला वेळ मिळतो. देणाऱ्याचाही फायदा असतो, सगळ्या बातम्या एकाच दिवशी आल्या की नाव गाजतं. व्यवहार आहे, दोघांना परवडतो.

पण एक गोष्ट मनाशी पक्की धरा, खाली मी जे काही सांगणार आहे ते सगळं याच्याच भोवती फिरतं. खरा एम्बार्गो फक्त "कधी" एवढंच ठरवतो. तो "काय लिहायचं" किंवा "कोणाशी बोलायचं" हे ठरवायला लागला की सावध व्हा, कारण तिथून पुढे नुकसान तुमच्या वाचकाचं असतं आणि त्याला ते कळतही नाही.

स्टेप १: उत्तर द्यायच्या आधी मेल दोनदा वाचा

एम्बार्गो हा करार आहे, आणि करार दोन्ही बाजूंनी मान्य केल्याशिवाय होत नाही. कोणी न विचारता पीडीएफ पाठवून वर "एम्बार्गो" असा शिक्का मारला म्हणून तुम्ही आपोआप बांधले जात नाही. पण तुम्ही "हो" म्हणालात, किंवा लिंकवर अटी मान्य असल्याची टिकमार्क करून कोड घेतलात, किंवा ज्या सेवेत नाव नोंदवतानाच एम्बार्गो पाळायचं कबूल केलंय तिथून निबंध उतरवलात, की बांधले गेलात. इथे एनडीए (नॉन-डिस्क्लोजर अॅग्रीमेंट, म्हणजे गुप्ततेचा करार) आणि एम्बार्गो यांची गल्लत करू नका. एनडीए हा सही केलेला कायदेशीर कागद, तो मोडला तर प्रकरण वकिलांपर्यंत जाऊ शकतं. साधा एम्बार्गो बहुतेक वेळा शब्दावर चालतो आणि मोडला तर शिक्षा एकच, पुढच्या वेळी दार बंद.

आणि ते दार मोठ्यांसाठीही बंद होतं. २०११ मध्ये न्यू यॉर्कर या अमेरिकन साप्ताहिकाचे समीक्षक डेव्हिड डेन्बी यांनी 'द गर्ल विथ द ड्रॅगन टॅटू'चं परीक्षण १३ डिसेंबरचा एम्बार्गो असताना आठवडाभर आधीच्या अंकात छापलं. परीक्षण चांगलं होतं, सिनेमाचं कौतुकच होतं, तरी निर्माते स्कॉट रुडिन यांनी त्यांना कळवून टाकलं की यापुढे माझ्या सिनेमांच्या आगाऊ खेळांना यायचं नाही. म्हणजे "मी तर छानच लिहिलंय, मग काय हरकत" हा बचाव चालत नाही. समोरच्याच्या दृष्टीने प्रश्न तारखेचा असतो, तुमच्या मताचा नसतो.

स्टेप २: वेळ स्वतःच्या घड्याळात आणा, आणि दरवेळी नव्याने आणा

ही स्टेप किरकोळ वाटते पण नवीन लोक सगळ्यात जास्त इथेच घसरतात. प्रत्येकाची वेळ वेगळी असते. नेचर जर्नलचा एम्बार्गो उठतो बुधवारी लंडनच्या वेळेने दुपारी ४ वाजता, सायन्स जर्नलचा गुरुवारी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेने दुपारी २ वाजता, आणि एकाच प्रकाशकाच्या दोन जर्नलच्या वेळाही सारख्या असतील असं नाही. सिनेमा आणि गेमवाले आपापल्या सोयीने कुठलीही वेळ देतात, कधी पॅसिफिक, कधी मध्य युरोप.

त्यात घड्याळं पुढेमागे होतात. लंडनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ एक तास पुढे जातं आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे येतं, अमेरिकेत मात्र मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे. त्यामुळे वर्षातले काही आठवडे असे असतात की न्यू यॉर्क आणि लंडन यांच्यातलं नेहमीचं पाच तासांचं अंतर चार तासांचं होतं. माझी चूक नेमकी तिथेच झाली. ऑक्टोबर संपत आला होता, मी एका निबंधावर लेख तयार करून शेड्यूल केला, वेळेचं गणित मागच्या आठवड्याचंच उचललं, मधल्या रविवारी लंडनचं घड्याळ मागे गेलं होतं हे डोक्यातच नव्हतं. लेख बरोबर एक तास आधी गेला. दहा मिनिटांत जर्नलकडून मेल आला, मी लेख काढला, काय झालं ते सांगितलं, तरी पुढचे काही महिने मला आगाऊ काही मिळालं नाही. तक्रार करायला जागाच नव्हती, चूक माझी होती.

तेव्हापासून मी वेळ आधी यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, लिहून घेते, मग तिथून स्वतःच्या वेळेत आणते, आणि मेलमध्ये नुसतं "१२ वाजता" असं असेल तर दुपारचे की मध्यरात्रीचे, कुठले, हे सरळ विचारते. विचारण्यात कमीपणा नाही, पीआरवाल्यांना, म्हणजे कंपनीची प्रसिद्धी बघणाऱ्यांना, हा प्रश्न रोज येतो.

शेड्यूल करताना अजून एक बघा. लेख वेळेवर जाईल हो, पण त्याची लिंक आपोआप सोशल मीडियावर टाकणारं काही चालू आहे का, न्यूजलेटर आधी सुटणार आहे का, व्हिडिओचं थंबनेल आणि शीर्षक आधीपासून लोकांना दिसतंय का? परीक्षण लपलेलं आणि शीर्षकात "निराशा" असा शब्द, तर एम्बार्गो मोडलाच की. तुम्ही सिनेमा बघितलाय किंवा गेम तुमच्याकडे आलाय एवढंसुद्धा सांगायला काही ठिकाणी बंदी असते, तेही तपासा.

स्टेप ३: अटी तीन ढिगांत वाटा

कागद घ्या, तीन रकाने पाडा, कधी, काय, कोणाशी. मेलमधलं प्रत्येक वाक्य यातल्या एका रकान्यात टाका. पहिल्या रकान्यात सगळं बसलं तर काळजी नाही. दुसऱ्या-तिसऱ्यात काही पडायला लागलं की तिथे थांबून विचार करायचा.

"काय" या रकान्यातली प्रत्येक अट वाईट असते असं नाही. शेवट फोडू नका ही विनंती वाचकाच्याच भल्याची असते. पण कुठे थांबायचं? 'द लास्ट ऑफ अस पार्ट टू'चा एम्बार्गो १२ जून २०२० ला उठला, गेम १९ जूनला आला, आणि समीक्षकांना कथेच्या उत्तरार्धातल्या गोष्टींबद्दल बोलायला मनाई होती. ज्या गेमचा सगळा वाद आणि सगळं वजनच त्या उत्तरार्धात होतं त्याचं परीक्षण अर्ध्यावर हात बांधून लिहायचं म्हणजे अवघडच. अशा वेळी आपल्याला काय बोलता आलं नाही ते लेखातच सांगायचं, म्हणजे वाचकाला कळतं की मत इथपर्यंतच आहे.

आता 'सायबरपंक २०७७' घ्या, नवीन माणसाने हे प्रकरण नीट समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. गेम १० डिसेंबर २०२० ला आला, परीक्षणं ७ डिसेंबरला आली, म्हणजे "कधी"च्या हिशोबाने तीन दिवस आधी, सगळं छान. पण आगाऊ प्रती फक्त पीसीसाठी दिल्या होत्या, पीएस४ आणि एक्सबॉक्स वन या जुन्या कन्सोलवर (टीव्हीला जोडायच्या गेम यंत्रांवर) गेम कसा चालतो ते समीक्षकांना बघायलाच मिळालं नाही, आणि व्हिडिओ परीक्षणात स्वतः रेकॉर्ड केलेलं फुटेज वापरायला परवानगी नव्हती, कंपनीने पुरवलेली दृश्यंच वापरायची होती. परीक्षणांत गुण भरभरून पडले. मग गेम लोकांच्या घरी पोचला आणि जुन्या कन्सोलवर त्याची काय दशा आहे ते दिसलं, सतत अडकणं, बंद पडणं, धूसर चित्र. कंपनीने जुन्या कन्सोलवरचा गेम आधी दाखवला नाही याबद्दल जाहीर माफी मागितली, आणि सोनीने १७ डिसेंबरला गेम आपल्या प्लेस्टेशन स्टोअरवरून काढून पैसे परत द्यायला सुरुवात केली, तो परत आला थेट जून २०२१ मध्ये. त्या परीक्षणांमध्ये कोणी खोटं लिहिलं नव्हतं बरं का, त्यांनी पीसीवर जे पाहिलं ते लिहिलं. पण ज्या माणसाकडे पीएस४ होता त्याच्या काही कामाचं ते नव्हतं, आणि त्याला ते कळायला मार्ग नव्हता, जोवर समीक्षक स्वतःहून ठळकपणे सांगत नाही की हे पीसीचं आहे आणि कन्सोलची प्रत दिलीच नाहीये.

म्हणून कोड घ्यायच्या आधी पीआरला चार ओळींचा मेल टाका. मी असा टाकते: "प्रत कुठल्या प्लॅटफॉर्मची आहे? स्वतःचं फुटेज आणि स्क्रीनशॉट वापरता येतील का? कथेच्या किंवा गेमच्या कुठल्या भागाबद्दल बोलायला मनाई आहे का? या अटी होत्या हे परीक्षणात लिहिलं तर चालेल ना?" शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. अटींचा उल्लेखच करायचा नाही अशी अट असेल तर मी नाही म्हणते, आणि तुम्हीही म्हणा.

स्टेप ४: एम्बार्गो कधी उठतोय यावरून काय कळतं

वाचक म्हणूनही हे उपयोगाचं आहे. साधारण अंदाज असा, की ज्यांना आपल्या मालावर भरवसा असतो ते आधी बोलू देतात. 'डेथ स्ट्रँडिंग'ची परीक्षणं १ नोव्हेंबर २०१९ ला आली, गेम ८ नोव्हेंबरला. याउलट 'असॅसिन्स क्रीड युनिटी', ११ नोव्हेंबर २०१४, मध्यरात्री विक्री सुरू आणि परीक्षणांचा एम्बार्गो अमेरिकेच्या पूर्वेकडच्या वेळेने दुपारी १२ चा, म्हणजे लोकांनी पैसे मोजून बारा तास झाल्यावर समीक्षकांना तोंड उघडायची मुभा. त्या बारा तासांत लोक बघत होते की पात्रांच्या चेहऱ्यावर कातडीच नाही, हवेत नुसते डोळे आणि दात तरंगतायत. पुढे गेम बनवणाऱ्या युबिसॉफ्टला माफी मागावी लागली आणि त्याच गेमचा 'डेड किंग्ज' हा जोडभाग फुकट द्यावा लागला.

सिनेमात याचं बरोबर उदाहरण म्हणजे २०१७ चा 'द इमोजी मूव्ही', परीक्षणं रोखली ती गुरुवारच्या पहिल्या खेळांच्या काही तास आधीपर्यंत, आणि परीक्षणं वाईट येऊनही पहिल्या आठवड्याच्या शेवटी अमेरिकेत त्याने २ कोटी ४० लाख डॉलरच्या आसपास गल्ला जमवला. स्टुडिओ असं का करतात ते या आकड्यातच दिसतं. काही जण तर प्रेस शोच ठेवत नाहीत, २००६ मध्ये 'स्नेक्स ऑन अ प्लेन' असाच आला.

पण यावरून कायमचा नियम बांधू नका. १९६० मध्ये हिचकॉकने 'सायको' समीक्षकांना आधी दाखवला नाही, त्यांना सगळ्यांबरोबर थिएटरात जाऊन बघावा लागला, कारण गुपित फुटू द्यायचं नव्हतं. उशिराचा एम्बार्गो ही शंका घ्यायची जागा आहे, पुरावा नाही. आणि २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये बेथेस्डा या गेम कंपनीने तर धोरणच जाहीर केलं की प्रती विक्रीच्या फक्त एक दिवस आधी देऊ, त्यांचे सगळेच गेम काही वाईट नव्हते, 'डिसऑनर्ड २' हा त्यातल्या चांगल्यांपैकी.

मोठ्या सिनेमांत दोन वेगळे एम्बार्गो असतात हे लक्षात ठेवा. आधी सोशल मीडियावरच्या प्रतिक्रियांचा उठतो, पूर्ण परीक्षणांचा नंतर. प्रीमियरहून बाहेर पडलेला माणूस उत्साहात दोन ओळी टाकतो, "थरारक, डोळ्यांचं पारणं फिटलं", तिथे कारणमीमांसेला जागाच नसते, आणि कोणाला बोलवायचं हे स्टुडिओने ठरवलेलं असतं. तुम्हाला आमंत्रण आलं तर त्या दोन ओळीसुद्धा नीट तोलून लिहा, कारण पुढे पूर्ण परीक्षणात वेगळं लिहावंसं वाटलं तर वाचक आधीचं दाखवणारच. पक्कं मत झालं नसेल तर पहिल्या दिवशी काहीच नाही टाकलं तरी चालतं. एम्बार्गो उठला म्हणून त्या क्षणी बोललंच पाहिजे असं कोणी सांगितलेलं नाही.

स्टेप ५: वेळ पुरत नसेल तर काय

पन्नास तासांचा गेम आणि हातात चार दिवस, हे नेहमीचं आहे. तेव्हा गेम संपवल्याचा आव आणू नका. "परीक्षण अजून चालू आहे" असं स्पष्ट लिहून जेवढं खेळलात तेवढ्याचं लिहा, तास सांगा, गुण राखून ठेवा. ऑनलाइन गेमला तर हे हवंच, कारण एम्बार्गोच्या काळात तुम्ही रिकाम्या सर्व्हरवर खेळता, खरी गर्दी विक्रीच्या दिवशी येते. मार्च २०१३ मध्ये 'सिमसिटी' आला तेव्हा हेच झालं, पॉलिगॉन या गेमिंगच्या वेबसाइटने आधी १० पैकी ९.५ गुण दिले, मग लोकांना सर्व्हरवर शिरताच येईना तेव्हा ते ८ केले, मग थेट ४, आणि परिस्थिती सुधारल्यावर ६.५. काही जण त्यांच्यावर हसले, पण मला विचाराल तर चूक सुधारताना आकडा बदलला तो योग्यच होता, अडचण पहिल्या आकड्यात होती, तो जिथून आला ती परिस्थिती गिऱ्हाइकाला मिळणारच नव्हती.

स्टेप ६: संशोधनावर लिहिताय? मग एम्बार्गोचा वेळ फोनवर घालवा

इथे जरा जास्त थांबते, कारण सिनेमा वाईट निघाला तर तिकिटाचे पैसे जातात, औषधाबद्दल चुकीचं लिहिलं तर माणसं गोळ्या सोडतात नाहीतर सुरू करतात.

जर्नलं साधारण काही दिवस आधी पत्रकारांना निबंध देतात. अमेरिकेतली एएएएस ही वैज्ञानिकांची संस्था १९९६ पासून युरेकअलर्ट नावाची सेवा चालवते, तिथे नोंदणी झालेल्या पत्रकारांना पुढे येणाऱ्या निबंधांची माहिती एम्बार्गोसकट मिळते. नोंदणीसाठी तुमचं आधी छापून आलेलं काम दाखवावं लागतं. या सगळ्याची एक जुनी बाजूही आहे, १९६९ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनचे संपादक फ्रान्झ इंगेलफिंगर यांनी नियम केला की जे निष्कर्ष आधीच दुसरीकडे छापून आलेत ते आम्ही छापणार नाही. तेव्हापासून शास्त्रज्ञ निबंध येईपर्यंत पत्रकारांशी बोलायला कचरतात. तुम्ही फोन केलात आणि समोरून "आत्ता नाही बोलू शकत" असं आलं तर राग मानू नका, ती भीती तिथून आलेली आहे.

मिळालेल्या दिवसांत काय करायचं? एक, प्रसिद्धीपत्रक बाजूला ठेवून निबंध वाचा, निदान पद्धत, आकडे आणि मर्यादा हे भाग तरी. दोन, त्या संशोधनात नसलेल्या, त्याच विषयातल्या दोन माणसांना पाठवून मत विचारा. हो, हे सहसा चालतं, जर्नलं स्वतःच परवानगी देतात, फक्त त्या माणसालाही एम्बार्गोची वेळ आधी सांगा, त्याचा होकार घ्या आणि मगच पीडीएफ पाठवा.

आणि कोणी म्हणालं की बाहेरच्या तज्ज्ञाला विचारायचं नाही, तर घंटा वाजलीच पाहिजे. सप्टेंबर २०१२ मध्ये फ्रान्सच्या सेरालिनी यांच्या गटाने जनुकीय बदल केलेल्या मक्यावर आणि उंदरांवर एक निबंध आणला, आगाऊ प्रत हवी असलेल्या पत्रकारांना आधी कागदावर सही करायला लावली की एम्बार्गो उठेपर्यंत इतर शास्त्रज्ञांशी बोलणार नाही. परिणाम असा झाला की पहिल्या दिवशी गाठी आलेल्या उंदरांचे फोटो आणि एकाच बाजूचं म्हणणं जगभर गेलं, आणि प्रत्येक गटात उंदीर किती कमी होते, ती जात मुळातच गाठींना बळी पडणारी आहे, हे आक्षेप नंतर आले, जेव्हा बातमी लोकांच्या मनात बसून गेली होती. नोव्हेंबर २०१३ मध्ये जर्नलने निबंध मागे घेतला. २०१४ मध्ये ई-सिगारेटच्या नियमांच्या वेळी अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेनेही काही निवडक पत्रकारांना अशीच अट घातली होती, बाहेर कोणाला विचारायचं नाही. देणारा खाजगी आहे की सरकारी याने फरक पडत नाही, अट तीच, तोटा तोच. तिसऱ्या रकान्यातली ही अट दिसली की माझं उत्तर ठरलेलं आहे: नको, मी एम्बार्गो उठल्यावर वाचेन, एक दिवस उशिरा लिहीन.

एम्बार्गोचा वेळ लोकांच्या जिवाशी येतो तेव्हा काय, हाही प्रश्न खरा आहे. जानेवारी १९८८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये अॅस्पिरिनचा मोठा अभ्यास यायचा होता, २२,०७१ डॉक्टर त्यात सहभागी होते, आणि एक दिवसाआड अॅस्पिरिन घेणाऱ्यांमध्ये हृदयविकाराचा झटका ४७ टक्क्यांनी कमी आढळला होता. रॉयटर्सने ती बातमी एम्बार्गोच्या आधी दिली, जर्नलने त्यांना सहा महिने आगाऊ अंक देणं बंद केलं. कोण बरोबर यावर अजून वाद होतो. मला स्वतःला वाटतं की एक-दोन दिवसांनी डॉक्टरांच्या हातात पूर्ण निबंध आल्यावर रुग्णाने प्रश्न विचारलेला बरा, पण साथीच्या वेळी हा हिशोब बदलतो, आणि जर्नलंही तो बदलतात, २०१६ मध्ये झिकाच्या वेळी आणि २०२० मध्ये कोविडच्या वेळी अनेक जर्नलांनी जाहीर केलं की आधी माहिती खुली केली म्हणून निबंध नाकारणार नाही.

प्रीप्रिंटचं, म्हणजे जर्नलमध्ये यायच्या आधीच लेखकांनी इंटरनेटवर खुल्या केलेल्या निबंधांचं, थोडक्यात: ते ठेवायच्या वेबसाइट्सपैकी अर्काइव्ह १९९१ पासून आहे, बायोअर्काइव्ह २०१३ पासून, मेडअर्काइव्ह २०१९ पासून. निबंध तिथे आधीच सगळ्यांना दिसत असेल तर त्या प्रीप्रिंटवर लिहायला तुम्हाला एम्बार्गो आडवा येत नाही, फक्त अजून तज्ज्ञांकडून तपासून झालेला नाही हे पहिल्या दोन-तीन वाक्यांतच सांगा, आणि जर्नलने आगाऊ दिलेल्या प्रतीतली नवीन माहिती त्यात मिसळू नका.

अजून एक, शेअर बाजाराशी संबंध असलेल्या कंपनीच्या औषधाचा निबंध एम्बार्गोखाली हातात असताना तिचे शेअर घेऊ-विकू नका, घरच्यांनाही सांगू नका. हे शिष्टाचाराच्या पलीकडचं, कायद्यात अडकवणारं प्रकरण आहे.

आणि गोंधळ नको म्हणून, संशोधनात एम्बार्गो या शब्दाचा दुसराही अर्थ आहे. निबंध छापून आल्यावर तो फुकट वाचायला खुला होईपर्यंत जी मुदत असते तिलाही एम्बार्गोच म्हणतात. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेच्या पैशातून झालेल्या संशोधनाला ही मुदत २००८ पासून जास्तीत जास्त १२ महिन्यांची होती, १ जुलै २०२५ पासून ती काढून टाकली. कोणी "निबंध एम्बार्गोत आहे" म्हणालं तर यातलं कुठलं ते आधी विचारा.

स्टेप ७: छापताना काय काय सांगायचं

परीक्षणाच्या अगदी वर, शेवटी नाही, दोन-तीन ओळी. माझ्या एका जुन्या परीक्षणाच्या वर अशा होत्या: "गेमची पीसी प्रत पब्लिशरने दिली. ३१ तास खेळले, मुख्य कथा संपवली, ऑनलाइन भाग बंद असल्यामुळे बघता आला नाही. शेवटच्या प्रकरणातली दृश्यं दाखवायला मनाई होती." एवढं पुरतं. मला वाटलं होतं लोक कंटाळतील, पण खाली सगळ्यात जास्त प्रश्न त्याच ओळींवर आले, ऑनलाइन भाग सुरू झाल्यावर परत लिहाल का म्हणून, आणि लिहिलं.

पैसे घेतले असतील तर मात्र ते परीक्षण नाहीच, ती जाहिरात आहे, तसंच लिहा. 'शॅडो ऑफ मॉर्डॉर' या २०१४ च्या गेमसाठी वॉर्नर ब्रदर्सने यूट्यूबवाल्यांना पैसे देऊन चांगलंच बोलायच्या अटी घातल्या होत्या आणि पैशाचा उल्लेख नीट झाला नव्हता, २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफटीसी या ग्राहकांचं हित बघणाऱ्या सरकारी संस्थेने त्यावर कारवाई केली. पैसे, फुकट प्रत आणि एम्बार्गो या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, वाचकाला तिन्ही वेगळ्या करून सांगा.

स्टेप ८: कोणीतरी आधीच फोडलं तर

हे होतंच. फेब्रुवारी १९९७ मध्ये डॉली मेंढीचा निबंध नेचरमध्ये २७ तारखेला यायचा होता, ऑब्झर्व्हर या ब्रिटिश वृत्तपत्राने २३ तारखेलाच बातमी दिली. १९९६ मध्ये मंगळावरून आलेल्या उल्केत जीवसृष्टीच्या खुणा असल्याची बातमीही सायन्सच्या अंकाआधी फुटली आणि नासाला ७ ऑगस्टला घाईने पत्रकार परिषद घ्यावी लागली. अशा वेळी "त्यांनी छापलं मग मीही छापतो" असं करू नका. देणाऱ्याला लगेच लिंक पाठवा आणि विचारा, एम्बार्गो उठवताय का? बहुतेक वेळा थोड्याच वेळात सगळ्यांना मेल येतो की उठवला. तो आला की छापा.

तुमच्याकडून फुटलं तर लेख आधी खाली घ्या, मग तुमच्याकडे मेल यायच्या आधी तुम्हीच मेल करा, वेळेची चूक झाली असेल तर तसंच सांगा, कारणं लांबवू नका, आणि किती वेळ लेख दिसत होता तेही सांगा.

आणि नाही म्हणायचं असेल तर

तेही करता येतं, आणि नवीन माणसाला हे कोणी सांगत नाही. तिकीट काढून पहिला खेळ बघा, गेम विकत घ्या, निबंध छापून आल्यावर वाचा, तुमच्यावर कसलाच एम्बार्गो नाही. तोटा एवढाच की पहिल्या दिवशीचे वाचक जातात. पण बरेच लोक पहिल्या दिवशी विकत घेतच नाहीत, ते आठवड्याभराने शोधत येतात, "जुन्या कन्सोलवर कसा चालतो", "दहा तासांनंतर कंटाळा येतो का", "या निबंधावर इतर डॉक्टर काय म्हणतात". माझे सगळ्यात जास्त वाचले गेलेले दोन लेख असे आहेत की जे एम्बार्गो उठल्यावर सहाव्या आणि नवव्या दिवशी गेले, दोन्ही वेळा प्रत मी स्वतः विकत घेतली होती.